बाळाच्या वाढीची रेषा

घरात बाळ जन्माला आले, की त्यास पाहावयास येणारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात, 'वजन किती भरले?' काही महिने लोटले, की दुसरा प्रश्न येतो, 'अजून बसत नाही का?' शेजारचे समवयस्क बाळ अधिक गुटगुटीत दिसले, तर आईच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. याउलट काही घरांत 'त्याचे वडीलही उशिराच बोलू लागले होते', असे म्हणून खऱ्या अडचणीकडे डोळेझाक केली जाते. निष्कारण चिंता आणि निष्काळजी समाधान, या दोन्ही चुका टाळण्याचे साधन आपल्या घरातच असते. ते म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड.

या कार्डात वाढीचा आलेख असतो. मुलगा व मुलगी यांच्यासाठी तो वेगवेगळा असतो. खालच्या आडव्या रेषेवर वय व उभ्या रेषेवर वजन दिलेले असते. प्रत्येक वेळी वजन केल्यावर त्या वयासमोर एक ठिपका द्यावयाचा आणि ठिपके जोडीत जावयाचे. या आलेखामागील प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केले. त्यासाठी भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील सुमारे ८,५०० बालकांचा अभ्यास करण्यात आला होता. त्यापूर्वीचे प्रमाण प्रामुख्याने बाटलीच्या दुधावर वाढलेल्या अमेरिकन बालकांवर बेतलेले होते. त्यामुळे आईच्या दुधावर उत्तम वाढणारी बाळेही काही महिन्यांनी मागे पडल्यासारखी दिसत. नव्या प्रमाणात आईचे दूध हाच आधार मानलेला आहे.

सर्वसाधारणपणे पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन किंचित घटते व दोन आठवड्यांच्या आत ते भरून येते. पाचव्या महिन्याच्या सुमारास ते जन्मवेळच्या दुप्पट, तर वर्षाअखेरीस तिप्पट होते. जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर असलेली लांबी वर्षभरात ७५ सेंटिमीटरच्या आसपास पोहोचते. डोक्याचा घेरही मोजावयाचा असतो, कारण मेंदूची वाढ त्यावरून कळते.

तथापि, एखाद्या दिवशीच्या आकड्यापेक्षा रेषेची दिशा अधिक महत्त्वाची असते. समजा, एक मुलगी जन्मतः २.५ किलोची होती आणि सहाव्या महिन्यात ५.९ किलोची झाली. ती लहानखुरी आहे, परंतु तिची रेषा चढती आहे. दुसरा मुलगा सहाव्या महिन्यात ७.८ किलोचा होता आणि आठव्या महिन्यातही तितकाच आहे. तो अद्याप आलेखाच्या हिरव्या पट्ट्यात आहे, दिसावयासही गुबगुबीत आहे. परंतु त्याची रेषा आडवी झाली आहे. या दोघांपैकी डॉक्टरांकडे आधी न्यावयास हवे ते या मुलास.

रेषा आडवी होण्याचा धोका सहा महिन्यांनंतर विशेष असतो. या वयात केवळ दूध पुरेसे नसते आणि वरचे अन्न उशिरा सुरू होते किंवा पातळ पाण्यासारखे असते. नेमक्या याच काळात कार्ड कोरे राहते. शासकीय वेळापत्रकानुसार साडेतीन महिन्यांच्या लसीनंतर पुढची लस थेट नवव्या महिन्यात असते. म्हणून लस नसली तरी पहिल्या वर्षी दरमहा अंगणवाडीत किंवा दवाखान्यात बाळाचे वजन करावे. शक्यतो काटा तोच असावा आणि अंगावर कपडे नसावेत.

वजनाइतकाच विकासही पाहावयास हवा. बाळ दुसऱ्या महिन्याच्या सुमारास ओळखीचे हसते, चौथ्या महिन्यापर्यंत मान धरते. पुढील टप्प्यांना मात्र एकच तारीख नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी बालके आधाराशिवाय बसली ती साधारण चार ते नऊ महिन्यांच्या दरम्यान आणि स्वतंत्रपणे चालली ती आठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान. काही बाळे तर रांगल्यावाचूनच चालू लागली. म्हणून दहाव्या महिन्यात चालणारे बाळ हुशार आणि चौदाव्या महिन्यात चालणारे मंद, असे समजू नये. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचे वय विकास पाहताना दोन वर्षांपर्यंत तितकेच कमी धरावे.

परंतु पुढील लक्षणे दिसल्यास वाट पाहू नये : तीन महिन्यांचे बाळ हसत नाही किंवा मोठ्या आवाजाने दचकत नाही, नऊ महिन्यांचे आधाराशिवाय बसत नाही, वर्षाचे झाले तरी 'बाबा', 'दादा' असे बोबडे स्वर काढीत नाही, दीड वर्षाचे चालत नाही. येत असलेली गोष्ट बाळ विसरू लागले, तर कोणत्याही वयात त्वरित तपासणी करावी. ऐकू न येणाऱ्या बाळास पहिल्या काही महिन्यांत उपचार मिळाले, तर त्याची वाणी वाचू शकते. 'बोलेल हळूहळू' म्हणत गेलेली दोन वर्षे मात्र परत मिळत नाहीत.

अशा तपासणीची सोय शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विनामूल्य उपलब्ध आहे. या कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे चौकशी केल्यास पुढील मार्ग कळतो.

माता-पित्यांनो, आज घरी गेल्यावर ते कार्ड कपाटातून काढा. शेवटचा ठिपका कोणत्या महिन्याचा आहे, ते पाहा. तो जुना असेल, तर याच आठवड्यात बाळाचे वजन करून घ्या. आपल्या बाळाची तुलना शेजारच्या बाळाशी नव्हे, तर त्याच्याच मागील महिन्याशी करा.