पांढुर्णा-सौंसरवरून जाणारी रेघ

नकाशावर नागपूरच्या विमानतळापासून भोपाळच्या राजाभोज विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढा. ती पांढुर्णा आणि सौंसर यांच्या मधून, संत्र्यांच्या बागांवरून जाते. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा या दोन तालुक्यांचाच. जिल्ह्याला स्वतःचं प्रवासी विमानतळ नाही, पण रेघ मात्र त्याच्या डोक्यावरून जाते.

तिची लांबी साधारण 300 किलोमीटर. रेल्वेला हेच अंतर 390 च्या आसपास पडतं, कारण रुळांना सातपुडा चढावा लागतो. तिगाव-चिचोंड्याचा घाट पांढुर्ण्याच्या थोडा पुढेच आहे.

आता वेळ. ताशी 830 किलोमीटर वेगाच्या जेटला 300 किलोमीटर म्हणजे 22 मिनिटं. पंख्याचं एटीआर ताशी 500 ने उडतं, त्याला 36. पण वेळापत्रकात कुठलीही कंपनी 22 मिनिटं छापणार नाही. तिथला वेळ विमान फलाटावरून हललं की सुरू होतो आणि पलीकडच्या फलाटावर थांबलं की संपतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, परवानगीची वाट, चढण, उतरण हे सगळं त्यात येतं. जेट 35 हजार फुटांवरून उतरायलाच पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर आधी सुरुवात करतं आणि चढायलाही जवळपास तेवढंच अंतर लागतं. म्हणजे या मार्गावर पूर्ण उंची गाठायला जागाच नाही. नागपूरपासून सत्तरेक किलोमीटरवर, पांढुर्णा-सौंसरच्या वर, ते अजून चढतच असणार. एवढ्या छोट्या पल्ल्यावर जेटची घाई फुकट जाते, एटीआरच शहाणं.

धावपट्टीचाही हिशेब असतो. नागपूरच्या पट्टीचे क्रमांक 14 आणि 32, म्हणजे तिची दोन टोकं होकायंत्रावर साधारण 140 आणि 320 अंशांकडे रोखलेली. भोपाळची दिशा 324 अंश. वायव्येकडे उड्डाण मिळालं तर नाक आपोआप भोपाळकडे. वारा उलटा असला की आग्नेयेकडे उडून मागे वळा, मिनिटं गेलीच.

वाऱ्याची गंमत लांब पल्ल्यावर जास्त कळते. मुंबई-नागपूर सुमारे 680 किलोमीटर, वारा नसेल तर त्याच जेटला 49 मिनिटं. पश्चिमेकडून ताशी 100 चा वारा धरा: नागपूरला येताना 44, मुंबईला जाताना 56. पाच वाचली, सात गेली. वारा घेतो तेवढं परत देत नाही, कारण विरोधात विमान जास्त वेळ असतं.

दिल्ली-चेन्नईची सरळ रेघही जवळजवळ पांढुर्ण्यावरूनच जाते, तीही याच रेल्वेमार्गाच्या सोबतीने. तरी पांढुर्णेकराला भोपाळला उडायचं तर आधी शंभरेक किलोमीटर उलट्या दिशेने नागपूर, मग तासभर आधीची हजेरी. तेवढ्या वेळात आपल्या स्टेशनवरून बसलेला माणूस निम्म्याहून जास्त रस्ता कापून इटारसीच्या जवळ पोचलेला असतो.