कार्डावरची कोरी ओळ

मागच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाल्यावर आम्ही गटातल्या लेकरांची लसीकरण कार्डं पाहिली. सहापैकी दोन कार्डांवर नऊ महिन्यांची ओळ कोरी. गोवर-रुबेलाची लस नाही आणि न्यूमोकोकल लसीचा, म्हणजे पीसीव्हीचा, शेवटचा डोसही नाही. दोन्ही घरं तेव्हा ऊसतोडीला गेली होती. त्यातल्या एका लेकराला थंडीत न्यूमोनिया झाला, पाच दिवस दवाखान्यात काढावे लागले. डोस घेतला असता तर आजार टळलाच असता, असं आम्ही म्हणत नाही. पण धोका कमी झाला असता.

न्यूमोकोकस हा जंतू नाका-घशात राहतो आणि खोकल्या-शिंकेतून पसरतो. त्यामुळे न्यूमोनिया होतो, कधी मेंदूज्वरही होतो. २०१७ पासून ही लस देशात टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि २०२१ मध्ये सगळ्या राज्यांत पोचली. खासगीत ती महाग पडते, सरकारी केंद्रात मोफत मिळते.

डोस तीन: दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिन्यांना. पहिले दोन बाळाची ताकद तयार करतात, तिसरा ती टिकवतो. म्हणून तिसरा चुकवायचा नाही. इंजेक्शननंतर थोडा ताप किंवा मांडीला सूज येऊ शकते. तिथे चोळू नका, बाम लावू नका.

डोस राहिला तर? पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पहिला डोस वर्षाच्या आत झाला असेल, तर राहिलेला नंतरही देतात. आमच्या त्या दोन्ही लेकरांना पुढच्याच लसीकरणाच्या दिवशी सिस्टरांनी डोस दिला.

लस घेतली तरी न्यूमोनिया इतर जंतूंनीही होतो. म्हणून खोकला असेल तर बाळ शांत असताना पोटाची हालचाल बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, छाती आत ओढली जात असेल, किंवा बाळ अंगावर पीत नसेल, तर अंगारा-काढ्यात वेळ घालवू नका. लगेच दवाखाना गाठा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, मधुमेह, दमा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनाही या जंतूचा धोका जास्त. मोठ्यांसाठीही ही लस असते, पण मोफत कार्यक्रम बाळांसाठीच आहे. त्यांच्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

दिवाळीनंतर टोळ्या निघतील. आमच्या गटानं ठरवलंय, कोपीवर नेायच्या सामानात पहिलं कार्ड ठेवायचं. कारखान्याच्या गावातही आशाताई असतात, ते कार्ड तिथेही चालतं. तुमच्या पुढच्या बैठकीत तुम्हीही कार्डं उघडा, बायांनो. कोरी ओळ दिसली, तर त्याच आठवड्यात भरून घ्या.