तीन ग्रॅम का तीस? भोंग्यातल्या कंडेन्सरची हकिकत

या पानावर आपण बी-बियाणे, खत, कीड-रोग वाचायला येता. आज विषय थोडा वेगळा आहे, पण त्याची सुरुवात बीजप्रक्रियेतच झाली.

औसा तालुक्यातल्या एका गावात पेरणीच्या तोंडावर मारुतीच्या पारावरून मी माइकवर माहिती दिली : सोयाबीनच्या एक किलो बियाण्याला थायरम तीन ग्रॅम, आणि रायझोबियम लावायचे असेल तर ते नंतर. कार्यक्रम उरकला, मोटारसायकलला किक मारणार तोच एक म्हातारबा काठी टेकत आले. म्हणाले, "सायेब, तीन म्हणलाव का तीस?"

मी हसलो. पण पाराच्या पलीकडे बसलेल्या आणखी दोघांनीही तीसच ऐकले होते. तीस किलो बियाण्याला 90 ग्रॅम औषध पुरते. यांच्या हिशेबाने 900 ग्रॅम झाले असते. पैसा वाया जाणार, आणि एवढे विष उघड्या हातांनी कालवले जाणार ते वेगळेच.

गावाला सांगायचे तर ते ऐकू आले पाहिजे. 1956 साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांची श्रोता-मंडळे बसवली होती. रेडिओ ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची. आज मोबाइल आला तरी पाण्याची पाळी, विम्याची शेवटची तारीख, ग्रामसभा हे सारे अजून भोंग्यावरच सांगितले जाते.

या गावातला अँप्लिफायर कंपनीचा नव्हता. आयटीआय केलेल्या गावच्याच पोराने भजनी मंडळासाठी तो घरी जोडला होता. माइकचा आवाज फार बारीक असतो. तो आधी एका छोट्या सर्किट बोर्डावर वाढवून मग मोठ्या अँप्लिफायरला द्यावा लागतो. त्या छोट्या बोर्डाला प्री-अँप्लिफायर म्हणतात. यातही तोच होता, बीसी 547 ट्रान्झिस्टरवर जोडलेला. पोराने काम चोख केले होते, पण आठ उन्हाळे तो डबा ग्रामपंचायतीच्या पत्र्याखाली पडून होता.

कंडेन्सर आपल्याला नवा नाही. छताचा पंखा हळू फिरायला लागला की आपण 2.5 चा कंडेन्सर बदलतो. सिंगल फेज मोटारीच्या स्टार्टरमध्येही तोच. अँप्लिफायरमधला जो गोल, डबीसारखा असतो त्याच्या आत अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि रसायनात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. उन्हाने तो कागद वाळत जातो. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. लातूरचा मे महिना आणि वर पत्रा, म्हणजे विचारूच नका.

झाकण उघडले तेव्हा विजेच्या बाजूचा 1000 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर डोक्यावर फुगलेला दिसला. भोंग्यातून घुं घुं यायचे ते त्याच्यामुळे. आपली लाइन 50 सायकलची. डायोडमधून गेली की 100 ची घरघर होते आणि ती गिळायचे काम याचे. त्यावर 16 व्होल्ट लिहिले होते, आणि इथेच चूक होती. 12 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर डायोडनंतर 15-16 व्होल्ट येतात. रात्री मोटारी बंद होऊन लाइन 260 ला गेली की 18 पर्यंत चढतात. आम्ही 2200 चा, 35 व्होल्टचा बसवला. घरघर जवळजवळ गेली.

ट्रान्झिस्टरच्या एमिटरजवळचा छोटा कंडेन्सरही वाळला होता. तो वाळला की आवाज वाढण्याचे प्रमाण घटते. मग माणूस व्हॉल्यूम पिळतो, आणि खरखर पण तेवढीच वाढते.

तरी "तीस" काही सुटेना. 'न' नाकातून येतो, त्याचा जोर खालच्या सुरात असतो. 'स'चा जोर बहुतेक 4000 सायकलच्या वर असतो. ते वरचे सूर कापले गेले की दोन्ही शब्द सारखेच वाटतात. जुन्या फोनवर नाव पुन्हा पुन्हा सांगावे लागायचे ते यासाठीच. शोधता शोधता 10 किलोओहमच्या रेझिस्टरपुढे अर्थला जोडलेली एक चपटी टिकली सापडली. तिच्यावर 103 लिहिले होते. पोर म्हणाले, "सूं सूं आवाज यायचा, म्हणून लावली."

इथे एक सोपा हिशेब ध्यानात ठेवा. 159 ला किलोओहम आणि मायक्रोफॅरडच्या गुणाकाराने भागा. जे येईल त्या सायकलपासून कंडेन्सर कापायला लागतो. 103 म्हणजे 0.01 मायक्रोफॅरड. 159 भागिले 0.1, म्हणजे 1590. 'स' तिथेच मेला होता! तिच्या जागी 102 ची लावली, कापणे 15,900 वर गेले. एका आकड्याचा फरक.

दोन टप्प्यांमध्ये आवाज पुढे नेणारा कंडेन्सर पोराला मोठा टाकायचा होता, "बेस येईल" म्हणून. मी नको म्हटले. भोंगा मुळात खालचे सूर देतच नाही. मोठा टाकला की वाऱ्याची आणि माइक हाताळल्याची धडधड तेवढी वाढते. पुढच्या टप्प्याला 47 किलोओहम होते. तिथे 0.1 चा पॉलिएस्टर फिल्मचा लावला, तो 34 सायकलच्या वरचे सारे नेतो. फिल्मच्या कंडेन्सरमध्ये वाळायला रसायनच नसते. महागड्या परदेशी कंडेन्सरच्या गोष्टी कोणी सांगितल्या तर गावच्या भोंग्यासाठी त्या सोडून द्या.

खरेदी करताना मात्र फार स्वस्ताच्या नादी लागू नका. 2000 नंतरच्या काही वर्षांत निकृष्ट रसायनामुळे जगभरच्या कॉम्प्युटरमधले कंडेन्सर फुगून फुटले होते. बसवताना उणे-अधिक बघा; उलटा लागला तर फुटतो. प्लग काढल्यावरही मोठा कंडेन्सर भरलेला राहतो. मोठ्या अँप्लिफायरच्या डब्यात तर माहितगार माणसाशिवाय हात घालू नये. सारा खर्च दीडशे रुपयांच्या आत झाला.

दुसऱ्या दिवशी पोराने पारावरून आकडे वाचले. म्हातारबा आडापाशी उभे राहून बोटांनी खुणा करत होते. तीनला तीन बोटे, आणि तीसला दोन्ही हात तीनदा. एकही चुकला नाही. थोडी घरघर अजून आहे, ती माइकच्या वायरीची. जाळीची वायर आणायला ग्रामसेवकांना सांगितले आहे.