लॅपटॉप घ्यावा तर कसा?

घरात लग्न निघाले की सल्ला द्यायला सारी आळी लोटते. लॅपटॉप घ्यायचा निघाला तरी तोच प्रकार! एक म्हणतो, “अमुक कंपनीचाच घ्या”; दुसरा म्हणतो, “सेल लागेपर्यंत थांबा”; आणि तिसरा गृहस्थ लाखाच्या खाली बोलतच नाही. आमच्या मुलीने बी. एस्सी.ला नाव घातले आणि पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत हा प्रश्न येऊन उभा राहिला. उत्तरपत्रिका तपासल्याचे पैसे आणि पत्नीची भिशी मिळून ४० हजार जमले होते. त्यांत भर पडणार नव्हती. आणि घेतलेले यंत्र तिच्या पदवीपर्यंत टिकायलाच हवे होते.

मी पडलो मराठीचा अध्यापक. यंत्रांशी माझा संबंध शब्दांच्या व्युत्पत्तीपुरता! परंतु महिनाभर दुकानांच्या पायऱ्या झिजवल्यावर एक सूत्र हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो: जे मागाहून बदलता येत नाही, त्यावर आधी पैसा घालावा.

प्रोसेसर, पडदा आणि कळफलक एकदा घेतले की जन्माचे सोबती. रॅमचे मात्र दोन प्रकार. काही लॅपटॉपांत ती आतल्या पाटीवर डाख देऊन कायमची बसवलेली असते. काहींत वाढवण्यासाठी खाच ठेवलेली असते. म्हणून ‘रॅम किती?’ या प्रश्नापाठोपाठ ‘ती वाढवता येते का?’ हेही विचारावे. आठ जीबीच्या खाली उतरू नये. साठवणुकीला एसएसडीच हवी. जुन्या हार्ड डिस्कसारखी तीत फिरती तबकडी नसते, त्यामुळे यंत्र चटकन जागे होते. ती २५६ जीबीची असली तरी भागते. फोटो आणि चित्रपट बाहेरच्या डिस्कवर ठेवता येतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेले लॅपटॉप निम्म्या किमतीत मिळतात, असे पुष्कळांनी सुचवले. विचार वाईट नाही. पण तारीख पाहून जावे. ‘विंडोज १०’ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि ‘विंडोज ११’ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. ती पिढी २०१७ साली बाजारात आली. त्याआधीचे यंत्र वरून कितीही चकचकीत दिसो, विंडोजवर काम करणाऱ्याने त्याला दुरूनच नमस्कार करावा!

हप्त्यांचा मोह आम्हांलाही पडला. ‘बिनव्याजी’ हा शब्द कानाला गोड लागतो खरा. परंतु बहुधा रोखीने मिळणारी सूट तिथे सोडावी लागते, बँक प्रक्रियाशुल्क लावू शकते, आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांत दडलेल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी पडतो. दोन्ही भाव कागदावर शेजारी-शेजारी मांडले, की शब्दाची गोडी आपोआप उतरते.

आता माझ्या विषयाकडे येतो. मराठी लिहिण्यासाठी पैशाचाही खर्च नको. विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक आधीपासूनच असतो. फक्त सुरू करावा लागतो. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ‘ल’ आणि ‘ळ’ तर एकाच कळीवर नांदतात. लिखाणासाठी ‘लिब्रेऑफिस’ फुकट मिळते. मग दुकानदाराने गळ्यात घातलेले महागडे सॉफ्टवेअर कशाला?

अखेर आम्ही ३७,५०० रुपयांचा, ठळक पडद्याचा आणि रॅम वाढवता येणारा लॅपटॉप घेतला. देखणा म्हणावा असा तो नाही. उरलेल्या पैशांत बाहेरची डिस्क आली. रात्री दहापर्यंत त्यावर मुलीचे प्रयोगांचे अहवाल चालतात; दहानंतर माझी पाळी!

खरेदीला निघणाऱ्यांना शेवटी इतकेच सांगणे: आधी आपले काम कागदावर लिहून काढा, मग दुकानाची पायरी चढा. आणि बिल जपून ठेवा. वॉरंटीच्या वेळी तेच उपयोगी पडते!