पुडीसोबतचा लॅब रिपोर्ट वाचायचा कसा?

दिवाळीनंतर कापसाचा पहिला चुकारा हाती आला की आपल्या आठवडी बाजारात दोन माणसे हमखास दिसतात. एक उधारी वसूल करणारा आणि दुसरा गुडघेदुखी, मूळव्याध, अशक्तपणा यांवर 'शंभर टक्के हर्बल' पुडी विकणारा. पूर्वी हा दुसरा माणूस ताडपत्रीवर मुळ्या मांडून बसायचा. आता तो गाडी घेऊन येतो, लाऊडस्पीकर लावतो आणि कोणी शंका काढलीच तर लॅमिनेशन केलेला कागद पुढे करतो. "पाहा ना साहेब, लॅबचा रिपोर्ट आहे. सरकारमान्य!"

असाच एक कागद मी स्वतः हातात घेऊन पाहिला होता आणि माझ्याच वडिलांना म्हणालो होतो, रिपोर्ट आहे ना, मग घ्या. मी कृषी पदविकाधारक, गावोगाव माती परीक्षणाचे अहवाल समजावून सांगणारा विस्तार अधिकारी. पण इंग्रजी मजकूर, गोल शिक्का आणि खाली सही एवढ्यावर माझेही समाधान झाले.

पुडीचा गुण तीन दिवसांत आला. गुडघे मोकळे झाले, भूक वाढली. "बाबू, हे पहिलेच आणाले पायजे होतं," असे बाबा म्हणाले. दोन-अडीच महिन्यांनी चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसू लागला, पायावर सूज आली आणि कधी नव्हती ती साखर वाढली. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "कोणती पुडी घेता का?" सांधेदुखीच्या भुकटीत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी कुटून मिसळण्याचा प्रकार डॉक्टर मंडळींच्या चांगल्या परिचयाचा आहे. आणि एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. असा संशय आला तरी पुडी मनाने एकदम तोडू नये. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की शरीर स्वतःचे बनवणे कमी करते. अचानक बंद केले तर माणूस कोसळू शकतो. आधी डॉक्टरांकडे जावे. बाबांचेही डॉक्टरांनी हळूहळूच उतरवले.

पाकीट तपासायला पाठवावे म्हटले, तर ते आईने चुलीत घातलेले. हाती उरली त्या रिपोर्टाची झेरॉक्स. तेव्हा मी ती पहिल्यांदा नीट वाचली.

नमुन्याचे नाव, 'हर्बल पावडर'. बॅच नंबरची जागा कोरी. तारीख दोन वर्षांपूर्वीची. नमुना कोणी आणला? 'ग्राहकाने दिलेला', म्हणजे कंपनीने स्वतःच नेऊन दिलेला. तपासले काय? ओलावा, राख आणि सामू. स्टेरॉइडची तपासणी केलीच नव्हती. आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात, 'हा निष्कर्ष फक्त तपासलेल्या नमुन्यापुरता आहे.' प्रयोगशाळा खोटे बोलली नव्हती. तिला जे विचारले त्याचे तिने उत्तर दिले होते.

शेतकरी बंधूंनो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मातीचा नमुना घेताना आपण वावरात नागमोडी फिरतो, बांध आणि शेणखताची जागा सोडतो, सगळी माती एकत्र करून चार भाग पाडत अर्धा किलोवर आणतो. कोणी उकिरड्याजवळची माती दिली तर प्रयोगशाळा तीही प्रामाणिकपणे तपासेल आणि अहवालात जमीन सोन्यासारखी दिसेल. कपाशीच्या बियाण्याची थैली घेतानाही आपण लॉट नंबर पाहतो, बिलावर लिहून घेतो, थैली जपून ठेवतो. मग पोटात जाणाऱ्या पुडीच्या बाबतीत एवढे ढिले का?

म्हणून कागद पुढे आला की आधी पाकिटावरचा बॅच नंबर रिपोर्टवर आहे का ते पाहावे. नसेल तर तो रिपोर्ट दुसऱ्याच मालाचा समजावा. मग प्रयोगशाळा कोणती ते पाहावे. देशात प्रयोगशाळांना मान्यता देणारे 'एनएबीएल' नावाचे मंडळ आहे. त्याचा शिक्का असलेल्या रिपोर्टवर 'यूएलआर' म्हणून लांबलचक क्रमांक असतो. त्याची सुरुवात बहुधा 'टीसी' या अक्षरांनी होते. प्रयोगशाळेचे नाव मंडळाच्या वेबसाइटवर सापडते आणि तिला नेमक्या कोणत्या चाचण्यांची मान्यता आहे तेही कळते. पाण्याच्या चाचणीची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेने औषधी भुकटीवर दिलेला निकाल मान्यताप्राप्त धरता येत नाही. खात्री करायची तर प्रयोगशाळेला फोन करून रिपोर्ट क्रमांक सांगावा. पण फोन नंबर त्या कागदावरचा घेऊ नये, वेबसाइटवरून घ्यावा. कागद बनवणारा नंबरही स्वतःचाच टाकू शकतो! हे काम गावात ग्रामपंचायत अधिकारी किंवा संगणक परिचालक दहा मिनिटांत करून देऊ शकतात.

जड धातूंचे थोडे विस्ताराने सांगतो. आयुर्वेदिक वनस्पतिजन्य औषधासाठी शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ अशा कमाल मर्यादा आहेत. एक पीपीएम म्हणजे किलोमागे एक मिलिग्रॅम. पुष्कळ रिपोर्टांत आकड्याऐवजी 'आढळले नाही' एवढेच असते. तेव्हा किती कमीपर्यंत मोजता येत होते, हे विचारावे. कापसाच्या वजनकाट्यावर मंगळसूत्र ठेवले तर काटा हलणार नाही, म्हणून सोने नाही असे होते काय? २००४ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट सेपर व सहकाऱ्यांनी बोस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. त्यानंतर केंद्र सरकारने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिजन्य औषधांना ही तपासणी सक्तीची केली.

चाचणी कोणती, यावरही सगळे अवलंबून असते. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने १३ ब्रँडच्या मधाच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. देशातल्या नेहमीच्या चाचण्यांत बहुतेक ब्रँड पास झाले. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर चाचणी केल्यावर सगळ्या कसोट्यांना तीनच उतरले. कंपन्यांनी हे निष्कर्ष मानले नाहीत, हेही सांगायला हवे.

आता आपल्या शेतातल्या मालाकडे येऊ, कारण अश्वगंधा, सफेद मुसळी, अंजनगाव सुर्जीकडची पानपिंपळी पिकवणारे शेतकरी याच साखळीत आहेत. (बाजारात 'नागोरी' असगंध म्हणतात ती राजस्थानातल्या नागौरची, नागपूरची नव्हे. आपल्याकडे बरेच जण उगीच खूश होतात.) अश्वगंधाचा भाव मुळीच्या विथानोलाइड या घटकावर ठरतो. पण पाल्यातही हे घटक असतात आणि पाला फार स्वस्त. मुळीच्या भुकटीत पाला घातला तरी एकूण आकडा चांगला दिसू शकतो. पाल्यात विथाफेरिन-ए जास्त असते, त्यामुळे तो वेगळा मोजला तर चोरी उघडी पडते. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पाला टाळून मुळीच वापरण्याची सूचना दिली. तेव्हा व्यापारी 'तुमच्या मालात टक्का कमी' म्हणून भाव पाडत असेल, तर त्याचा रिपोर्ट मागावा, आणि ज्या ढिगातून त्याने नमुना काढला त्याच ढिगातला सीलबंद नमुना दोघांच्या सहीने आपल्याकडेही ठेवावा. शेवग्याची भुकटी विकणाऱ्या बचत गटांनीही एकदा काढलेल्या रिपोर्टावर वर्षानुवर्षे माल विकू नये. आज ना उद्या तेच कोणाच्या तरी बाबांच्या पोटात जाते.

तक्रार करायची झाल्यास पाकिटावर लायसन्स कोणते आहे ते बघा. चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक असेल तर तो माल कायद्याने अन्न आहे. त्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असे इंग्रजीत लिहिलेले असायला हवे, आणि त्याने रोग बरा होतो असा दावा करताच येत नाही. अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे ग्राहक फी भरून स्वतःही नमुना तपासून घेऊ शकतो. नमुन्यात दोष निघाला तर फी परत मिळते. आयुर्वेदिक औषधाचे लायसन्स असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. दोन्हीकडे बिल आणि न फोडलेले पाकीट लागते. कोणताच क्रमांक नसेल तर पुडी बाजारातच सोडून यावी.

गेल्या महिन्यात आमच्या बाजारात गाडी पुन्हा आली. गाडी वेगळी, माणूस वेगळा, कागद तसाच. पोलीस पाटील सोबत होते. त्यांनी एक पाकीट उचलून विचारले, "या बॅचचा रिपोर्ट दाखव बरं भाऊ." तो म्हणाला, "हेड ऑफिसात आहे, पुढच्या मंगळवारी आणतो." त्यानंतर तीन मंगळवार झाले.