२०० तास झाले, लायसन्स मिळालं… आता पहिली नोकरी कुठली?

ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलतानाचे 'बरं का' आणि 'म्हणजे बघा' थोडे कापलेत, मुद्दे तेच आहेत.

बऱ्याच श्रोत्यांचा प्रश्न साधारण एकच आहे: "सीपीएल झालं. इंडिगो किंवा एअर इंडियाचं बोलावणं येईपर्यंत काय करू? फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवू, चार्टर कंपनीत जाऊ, की अजून कर्ज काढून टाइप रेटिंग करून टाकू?" मी पायलट नाही, दिवसा कोड लिहितो. पण नियमांची कागदपत्रं वाचायची खोड आहे. आणि प्रश्न साधा नाही. ट्रेनिंगचा खर्च ५० लाखांच्या पुढे जाऊ शकतो, आणि त्यामागे कुणाची तरी एफडी किंवा जमीन असते.

आजच्या एपिसोडचं सार एका ओळीत: एकाचे १००० तास आणि दुसऱ्याचे १००० तास सारखे नसतात. पहिली नोकरी निवडताना ती तुमच्या लॉगबुकच्या कुठल्या रकान्यात तास भरणार, ते आधी बघा.

आधी यूट्यूबचा गोंधळ

अमेरिकन पायलटांचे व्हिडिओ बघून आपली मुलं म्हणतात, "१५०० तास झाल्याशिवाय एअरलाइन घेत नाही." ते तिकडे खरं आहे. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून तिथे को-पायलटलाही साधारण १५०० तास लागू लागले. सैन्यातून आलेल्यांना आणि ठरावीक एव्हिएशन डिग्रीवाल्यांना थोडी सूट आहे. म्हणून तिकडचे तरुण पायलट आधी शिकवतात, जाहिरातीचे बॅनर ओढतात, स्कायडायव्हिंगवाल्यांना वर नेऊन सोडतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कोलगनच्या त्या विमानातल्या दोन्ही पायलटांचे तास १५०० च्या वरच होते. नुसता आकडा सगळं सांगत नाही.

भारतात चित्र वेगळं आहे. सीपीएलला २०० तास लागतात, त्यातले १०० पीआयसी, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमच्यावर असताना उडवलेले. त्यावर टाइप रेटिंग झालं आणि एअरलाइनने निवडलं, की तुम्ही थेट ए३२० च्या उजव्या सीटवर बसू शकता. १५०० तास लागतात ते एटीपीएलला, आणि कॅप्टन व्हायला एटीपीएल लागतं. त्यातही पीआयसी, क्रॉस कंट्री, रात्रीचं उड्डाण, इन्स्ट्रुमेंट असे वेगवेगळे रकाने भरावे लागतात, आणि कंपनीच्या स्वतःच्या अटी आणखी वर असतात.

त्यामुळे मोठ्या एअरलाइनची पक्की ऑफर हातात असेल तर "आधी थोडे तास जमवतो" म्हणून थांबू नका. प्रमोशनच्या रांगेत तुमचा नंबर रुजू झालेल्या तारखेवर बराच अवलंबून असतो. पुढचं सगळं आहे ते ऑफर नसलेल्यांसाठी.

वाट १: इन्स्ट्रक्टर

बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी आपल्याकडेच फ्लाइंग स्कूल आहेत. शिकवायला वेगळं रेटिंग लागतं, म्हणजे २०० तासांवर उद्यापासून सुरू असं होत नाही. पण शिकवतानाचे तास पीआयसीमध्ये धरले जातात. विद्यार्थी लँडिंगला चुकतो तेव्हा सावरायचं तुम्हालाच असतं. निर्णय घ्यायची सवय इथे लागते.

कमी काय? विमान छोटं, बहुतेक वेळा एकच पिस्टन इंजिन. पगार बेताचा. आणि जून ते सप्टेंबर पावसाळ्यात उड्डाणं कमी होतात. म्हणून "वर्षाला किती तास मिळतील?" असं विचारू नका. "गेल्या जुलैमध्ये तुमच्या इन्स्ट्रक्टरने किती तास केले?" असं विचारा.

वाट २: चार्टर

किंग एअर, सायटेशन, कधी छोटं कॅरावान. नाव ऐकायला भारी, फोटो त्याहून भारी. पण चार्टर विमान मालकाच्या किंवा ग्राहकाच्या वेळेवर उडतं. काही महिने भरपूर, काही महिने तुम्ही हँगरमध्ये चहा पीत बसलेले.

इथे एक बारीक मेख आहे. काही विमानं एकाच पायलटने उडवायला प्रमाणित असतात. किंग एअर बी२०० त्यातलंच. अशा विमानावर नियमाने को-पायलट ठेवावा लागत असेल, तर त्याचे जास्तीत जास्त अर्धेच तास वरच्या लायसन्ससाठी धरायचे, असं इकाओचं मानक सांगतं. म्हणजे ४०० तास बसलात तरी हातात २००. म्हणून सही करण्याआधी विचारा: या सीटवरचे माझे तास किती धरले जाणार? उत्तर तोंडी चालणार नाही, लेखी घ्या, आणि डीजीसीएचा नियम स्वतः वाचा.

वाट ३: छोटी एअरलाइन

अलायन्स एअर, गोव्याची फ्लाय९१ यांच्याकडे एटीआर ७२ आहे. स्टार एअरकडे एम्ब्रेअर. इंडिगोकडेही एटीआरचा ताफा आहे. जळगाव, सिंधुदुर्ग, कोल्हापूर यांसारख्या विमानतळांवर अशीच विमानं दिसतात.

मोठ्या एअरलाइनकडे जायचं असेल तर शिकायला ही जागा उत्तम. दोन पायलटांचं कॉकपिट, टर्बाइन इंजिन, एअरलाइनची शिस्त. शिवाय फेऱ्या छोट्या, त्यामुळे एका दिवसात टेकऑफ-लँडिंग जास्त. लांब पल्ल्याच्या विमानात आठ तास लॉगबुकमध्ये चढतात आणि लँडिंग एकच होतं. तेवढ्या तासांत एटीआरवाला पाच-सहा वेळा उतरलेला असतो, तेही छोट्या धावपट्टीवर, पावसात.

वाट ४: स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग

नोकरी नसताना लाखो रुपये घालून ए३२० चं रेटिंग करणं म्हणजे जुगार. भरती लगेच निघाली तर चालून गेलं. नाही निघाली तर रेटिंग ताजं ठेवायला सिम्युलेटरवर पुन्हा खर्च, आणि व्याज चालूच. २०२३ मध्ये सीपीएलची मुदत ५ वरून १० वर्षं झाली, पण ती कागदाची. हाताला गंज चढायला सहा महिने पुरतात. मला विचाराल तर ही वाट सगळ्यात शेवटची.

ऑफर लेटर आल्यावर

चार प्रश्न विचारा.

एक, या विमानाचं रेटिंग आणखी कुठे चालेल? आमच्याकडे एकाच कंपनीत वापरला जाणारा फ्रेमवर्क शिकून पाच वर्षं घालवली की बाहेर पडताना घाम फुटतो. इथेही तसंच. ए३२० इंडिगो आणि एअर इंडिया दोघांकडे आहे, ७३७ अकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्सप्रेसकडे. ताफा जितका दुर्मिळ, तितके तुमचे पर्याय कमी. किंगफिशर २०१२ ला थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ ला. कंपनी बंद पडली की तुमच्याजवळ रेटिंग आणि लॉगबुक एवढंच उरतं.

दोन, बाँड किती वर्षांचा, किती रकमेचा, आणि कंपनीनेच काढून टाकलं तर काय?

तीन, नोटीस पिरियड. आयटीत ९० दिवसांना आपण रडतो. २०१७ च्या डीजीसीए नियमाने एअरलाइनच्या को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष नोटीस आहे. चांगली ऑफर आली तरी उद्या उठून जाता येणार नाही.

चार, महिन्याला खरे तास किती? नियमाची वरची मर्यादा वर्षाला १००० आहे. "भरपूर उडायला मिळेल" हे उत्तर नव्हे. तिथल्या कनिष्ठ को-पायलटला कँटीनमध्ये गाठून विचारा.

माझा क्रम असा: एअरलाइनची थेट ऑफर, मग एटीआर किंवा एम्ब्रेअर, मग इन्स्ट्रक्टर, मग तास लेखी मिळत असतील तर चार्टर. आणि घरी बसून वाट बघण्यापेक्षा यातलं काहीही बरं. मुलाखतीत गेल्या सहा महिन्यांत किती उडवलं हे विचारतात, तेव्हा लॉगबुकचं शेवटचं पान कोरं नको.

एक शेवटचं. घाईत तास फुगवून लिहायचा मोह कुणी दाखवला तर तिथून उठा. २०११ मध्ये बनावट मार्कशीटवर लायसन्स मिळवलेल्या पायलटांना अटक झाली होती. एवढे पैसे घालून कमावलेलं करिअर एका खोट्या नोंदीवर जायला नको.

तुमच्यापैकी कुणी इन्स्ट्रक्टर असेल किंवा एटीआरवर उडत असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. माझ्या क्रमाशी सहमत नसाल तर आधी पाठवा! पुढच्या एपिसोडमध्ये बोलू क्लास वन मेडिकलबद्दल: फीचा पहिला हप्ता भरण्याआधी ते का करून घ्यावं. भेटू.