गाण्याची फाइल आणि दिव्यांचे घड्याळ

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की वसईच्या पश्चिमेकडील गावांची संध्याकाळ बदलून जाते. गिरीज, नंदाखाल, पापडी, भुईगाव, कोठेही जा. घरांवर नाताळचे तारे लोंबत असतात, अंगणात येशूजन्माचे गोठे उभे असतात आणि झाडांवर दिव्यांच्या माळा चढलेल्या असतात. त्याआधी तीन-चार महिने विरार-नालासोपाऱ्याच्या गणेश मंडपांतही अशीच रोषणाई होऊन गेलेली असते. आता ज्यांतील प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रंग देता येतो अशा माळा बाजारात मिळतात. त्यामुळे गाण्याच्या ठेक्यावर दिवे नाचवावेत अशी हौस एखाद्या आळीतील शाळकरी मुलांनाही वाटू शकते, आणि ती पुरी करणे फारसे कठीणही नाही.

समजा, अशा एका गटाने चार मिनिटांचे नाताळगीत निवडले. संगणकावर बसून कोणत्या क्षणी कोणता दिवा लागावा याची यादी केली. घरी सारे जुळले. देखाव्याच्या रात्री मात्र ढोल वाजून गेल्यावर तारा चमकू लागला! अशा वेळी सर्वजण तारा तपासतात, दिवे बदलतात. दोष बहुधा तिथे नसतो. तो गाण्याच्या फाइलमध्ये, किंवा ती वाजविण्याच्या रीतीत असतो. फाइलचा प्रकार निवडताना आपण 'आवाज कसा येतो' एवढेच पाहतो. दिव्यांना आवाज ऐकू येत नाही. त्यांना फक्त वेळ हवी असते.

जुन्या देखाव्यांत ही अडचण उघड दिसत असे. लाकडी रोलरवर पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेल्या असत. मोटरीने रोलर फिरला की पट्ट्या तारांच्या टोकांना टेकत आणि त्या त्या माळा लागत. गाणे मात्र कॅसेटवर, म्हणजे दुसऱ्या मोटरीवर. दोन मोटरी अगदी सारख्या वेगाने कधीच फिरत नाहीत, म्हणून दर गाण्याला कोणीतरी रोलर पुन्हा जागेवर आणून ठेवावा लागे. संगणक आला, मोटरी गेल्या. पण दोन घड्याळांचे भांडण गेलेले नाही.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. संगणकाला हे चढउतार सलग रेषेने ठेवता येत नाहीत. तो ठराविक अंतराने दाब मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. अशा प्रत्येक मोजणीला आपण नमुना म्हणू. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने हे प्रमाण ठरले. प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे २ बाइटांचा, आणि डावा-उजवा असे दोन मार्ग. गुणाकार केला तर एका सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात. चार मिनिटांच्या गाण्याला ४,२३,३६,००० बाइट लागतील.

हे आकडे जसेच्या तसे एकामागून एक ठेवणारी फाइल म्हणजे वेव्ह फाइल. हा प्रकार १९९१ साली मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी आणला. आरंभी बहुधा ४४ बाइटांचा छोटा मथळा असतो, त्यात नमुन्यांचा दर वगैरे माहिती असते. पुढे सगळे नमुनेच. हिची खरी थोरवी अशी की ती एखाद्या फूटपट्टीसारखी आहे. गाण्याचे ९०वे सेकंद हवे असेल तर ९० ला १,७६,४०० ने गुणा, मथळ्याचे ४४ मिळवा, आणि १,५८,७६,०४४ बाइट सोडून पुढे वाचा. शोधाशोध नाही, अंदाज नाही.

मग एमपी-थ्री कशाला? जागेसाठी. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून हा प्रकार मुख्यतः घडला आणि १९९३ साली त्याचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्यामागची कल्पना मोठी मजेदार आहे. वसई स्टेशनच्या फलाटावर तुम्ही मित्राशी बोलत आहात आणि जलद लोकल धडधडत गेली, तर मित्राचे ओठ हलताना दिसतात पण शब्द ऐकू येत नाहीत. मोठा आवाज जवळपासच्या कंप्रतेच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. जे कानाला ऐकूच येणार नाही ते लिहून ठेवायचे कशाला? सेकंदाला १२८ हजार बिट हा दर घेतला तर तेच चार मिनिटांचे गाणे ३८,४०,००० बाइटांत मावते. म्हणजे अकरावा हिस्सा!

पण यासाठी नमुने सुटे ठेवता येत नाहीत. १,१५२ नमुन्यांची एक चौकट करून ती एकत्र आवळावी लागते. अशी एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची होते. शिवाय आवळताना आणि पुन्हा उलगडताना गाण्याच्या आरंभी थोडी शांतता चिकटते. लेम नावाच्या प्रसिद्ध प्रणालीने केलेल्या फाइलमध्ये ही भर १,१०५ नमुन्यांची, म्हणजे २५ मिलिसेकंदांची असते. चांगले वादक-सॉफ्टवेअर मथळ्यातील नोंद वाचून ती कापते, साधे कापत नाही. दिव्यांची यादीही बहुधा २५ किंवा ५० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी चालते, तेव्हा ही चूक फार तर एका पायरीची. एवढ्याने देखावा बिघडत नाही, आणि म्हणून एमपी-थ्रीला सरसकट नावे ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. मात्र तीच फाइल तीन वेळा उलगडून पुन्हा आवळली तर दर खेपेला नवी भर पडू शकते.

खरी फसगत होते ती बदलत्या दराच्या फाइलमध्ये. साधे संगीत असेल तेथे कमी बिट, गुंतागुंतीचे असेल तेथे जास्त, अशी ही युक्ती. समजा, आपल्या गाण्यात पहिली दोन मिनिटे एकटी बासरी आहे आणि तेथे सेकंदाला ९६ हजार बिट पुरले. पुढची दोन मिनिटे ब्रास बँड आणि ढोल, तेथे १९२ हजार लागले. पहिल्या भागाचे १४,४०,००० बाइट आणि दुसऱ्याचे २८,८०,०००, एकूण ४३,२०,०००. आता सरावासाठी तुम्ही गाणे बरोबर मध्यापासून लावले. भोळे यंत्र फाइलचा मध्य, म्हणजे २१,६०,०००वा बाइट गाठते. गणित करून पाहा: तेथे दोन मिनिटे नव्हे, अडीच मिनिटे झालेली असतात. दिवे बासरी संपण्याची वाट पाहत आहेत आणि बँड तर अर्धा मिनिट वाजून गेला आहे! काही फाइलींत शंभर खुणांचा तक्ता असतो, पण चार मिनिटांत शंभर खुणा म्हणजे दर २.४ सेकंदांना एक. दिव्यांसाठी ते फारच ढोबळ झाले. ठराविक दराच्या फाइलमध्ये हा घोटाळा होत नाही.

वेव्हची जागा खटकत असेल तर फ्लॅक हा प्रकार आहे. २००१ साली तो तयार झाला. त्यात एकही नमुना गमावला जात नाही, आणि फाइल बहुधा मूळच्या निम्मी ते दोन-तृतीयांश होते. मात्र काही स्वस्त वाजविणारी यंत्रे फ्लॅक ओळखत नाहीत, तेव्हा आधी खात्री करून घ्यावी.

आता दुसऱ्या घड्याळाकडे वळू. पुष्कळ जण गाणे एका यंत्रावर लावतात, दिव्यांची यादी दुसऱ्या पाटीवर ठेवतात आणि दोन्ही एकदम सुरू करतात. क्वार्ट्झ स्फटिकाच्या घड्याळात चूक दहा लाखांत पन्नासच्या आसपास धरली, तर चार मिनिटांत १२ मिलिसेकंद. ती कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण काही स्वस्त पाट्यांवर स्फटिकाऐवजी सिरॅमिकचा तुकडा असतो आणि त्याची चूक अर्धा टक्का असू शकते. २४० सेकंदांचा अर्धा टक्का म्हणजे १.२ सेकंद! दोन्ही एकदम सुरू करून याला उपाय होत नाही. दिव्यांनी स्वतः वेळ मोजायचीच नाही; वाजून झालेले नमुने मोजून त्यावरून पुढचे पाऊल टाकायचे. गाणे आणि दिवे एकाच संगणकाकडे देण्याचा फायदा हाच.

नमुन्यांचा दर बदलला तर याहून मोठा गोंधळ. ४४,१०० ची फाइल यंत्राने चुकून ४८,००० समजून वाजविली तर २४० सेकंदांचे गाणे २२०.५ सेकंदांतच संपते, आणि सूरही चढतो. म्हणून सर्व गाणी आरंभीच एका दरावर आणावीत. माझा सल्ला असा: मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये जपून ठेवा, यंत्राला एमपी-थ्रीच लागत असेल तर मूळ प्रतीवरून एकदाच, ठराविक दराची फाइल करा, आणि दिव्यांची यादी त्याच फाइलवर बसवा. तेच गाणे दुसरीकडून आणले तर आरंभीची शांतता हमखास वेगळी निघते.

दिव्यांनाही वेळ लागतो, हे विसरू नये. नेहमीच्या माळेत दर दिव्याला २४ बिट पाठवावे लागतात आणि वेग सेकंदाला आठ लाख बिटांचा असतो. म्हणजे एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद, ५०० दिव्यांना १५ मिलिसेकंद. हजार दिवे एकाच तारेवर जोडले तर ३० मिलिसेकंद होतील आणि २५ ची पायरी हुकेल. अशा वेळी माळ दोन तारांत विभागावी.

उशिराची जाणीव डोळ्यांना-कानांना कितपत होते? १९९८ सालच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत दूरचित्रवाणीसाठी असे आकडे आहेत: आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर तो जाणवू लागतो, मागे राहिला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. याचे नवल नाही. वाडीच्या पलीकडे लाकूड फोडणाऱ्याची कुऱ्हाड आधी दिसते आणि घाव मागून ऐकू येतो. याची आपल्याला सवय आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, तेव्हा कर्ण्यापासून ३५ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला गाणे दशांश सेकंद उशिराच मिळते. ब्लूटूथ कर्णा लावला तर दशांश ते पाव सेकंदाची आणखी भर पडते. तेव्हा तारेचा कर्णा बरा.

हे सारे तुम्हांला तपासून पाहता येईल. एक चाचणी-फाइल करा: आरंभी, मध्यावर आणि चार मिनिटे संपता संपता एकेक 'टक' आवाज, आणि त्याच क्षणी सर्व दिवे पांढरे. कर्ण्याजवळ उभे राहून मोबाइलवर चित्रण करा. सेकंदाला ३० चित्रे असतील तर दर चित्र ३३ मिलिसेकंदांचे. 'टक' आणि लखलखाट यांमध्ये किती चित्रे जातात ते मोजा. फरक तिन्ही ठिकाणी सारखाच असेल तर तो आरंभीच्या शांततेचा किंवा ब्लूटूथचा. दिव्यांची यादी तेवढी पुढेमागे सरकवा. फरक वाढत गेला असेल तर दोन घड्याळे किंवा नमुन्यांचा दर तपासा. आणि आरंभापासून लावल्यावर सर्व ठीक, पण मधूनच सुरू केल्यावर घोळ होत असेल, तर फाइल बदलत्या दराची आहे का ते पाहा.